टसर पतंगाचा अदृश्य वैरी

भंडारा-गडचिरोलीच्या अरण्यांत ऐन व अर्जुन वृक्षांवर पोसल्या जाणाऱ्या टसर पतंगाच्या अळ्यांना ‘पेब्रिन’ ही जी व्याधी जडते, तिचे मूळ कवकांचा आप्त असलेल्या नोसेमा नामक एकपेशीय परोपजीवीत असून, पाल्यासोबत पोटात गेलेला त्याचा बीजाणू आत गुंडाळलेली नलिका क्षणार्धात बाहेर फेकून आतड्याच्या पेशीत आपले जीवद्रव्य टोचतो. याहून कपटी गोष्ट ही की, बाधित मादी हा वारसा, कोणत्याही दस्तऐवजावाचून, अंड्यांतूनच संततीच्या नावे दाखल करते. तुतीच्या रेशीमकिड्यांवरील तशाच रोगाच्या चौकशीसाठी १८६५ साली फ्रान्समधील आलेस येथे रवाना झालेल्या लुई पाश्चर यांची तजवीज, म्हणजे अंडी घातलेली मादी कुटून सूक्ष्मदर्शकाखाली तपासणे व बीजाणू आढळताच तिची अंडी नष्ट करणे, टसरच्या बीजकेंद्रांतही अद्याप अंमलात आहे.