बाबांचं घड्याळ का पळालं?

मुलांनो, एका दिवसात सेकंद किती? ८६,४००! माझ्या मनगटावरचं बाबांचं चावीचं एचएमटी तेवढ्यात ४,३२,००० वेळा टिकटिकतं. मग थोडं मागेपुढे होणारच, नाही का? लाखो रुपयांच्या स्विस घड्याळांनाही ‘क्रोनोमीटर’ म्हणवून घ्यायला रोज सरासरी ४ सेकंद मागे ते ६ सेकंद पुढे, एवढी सूट असते.

पण एकदा बाबांचं घड्याळ चक्क काही मिनिटं पुढे पळू लागलं. “टाकून द्या,” सगळे म्हणाले. अलिबागच्या घड्याळजींनी मात्र विचारलं, “गुरुजी, स्पीकरवर ठेवलं होतंत का?” ठेवलं होतं खरं! स्पीकरमधल्या चुंबकामुळे आतल्या केसाएवढ्या स्प्रिंगची वेटोळी एकमेकांना चिकटतात आणि चक्र भराभर हलतं. त्यांनी यंत्राने चुंबकत्व काढलं. झालं!

चुंबकाची नोंद ठेवणारी वेधशाळाही आपल्या अलिबागलाच आहे बरं का! मुंबईत विजेच्या ट्राम येणार, कुलाब्याच्या नोंदी बिघडणार, म्हणून १९०४ साली ती इथे उभारली.

घरात आजोबांचं घड्याळ आहे? रोज ठरल्या वेळी चावी द्या. सात दिवसांनी मोबाइलशी ताडून पाहा, फरकाला सातने भागा. रोजची चूक कळली, की तेवढी वजा करा किंवा मिळवा. चुकणारं घड्याळही मग खरी वेळ सांगतं!