शाहिद आझमी आणि खिशातला नकाशा
आता शाहिद आझमींकडे येऊ. गोवंडीत वाढलेले. टाडाखाली तिहारमध्ये गेले, तिथंच शिक्षण पुन्हा सुरू केलं आणि सुटल्यावर वकील झाले. घाटकोपरच्या २००२ च्या बसस्फोटातले त्यांचे अशील सुटले. पण २६/११ चा खटला बघा. फहीम अन्सारीनं दिलेला नकाशा ठार झालेल्या अतिरेक्याच्या खिशात सापडला, असं पोलिसांचं म्हणणं. कपडे रक्तानं भिजलेले, मग नकाशा स्वच्छ कसा? आझमींचा सवाल एवढाच. अशील निर्दोष आहे हे वकिलाला सिद्ध करावं लागत नाही, गुन्हा सरकार पक्षानं शाबीत करायचा असतो. आपण हे सारखं विसरतो. ११ फेब्रुवारी २०१० ला कुर्ल्यातल्या ऑफिसात आझमींना गोळ्या घातल्या. वय ३२. त्याच वर्षी ३ मे रोजी फहीम या खटल्यात निर्दोष ठरला. सर्वोच्च न्यायालयानं २०१२ मध्ये तेच कायम ठेवलं.