मेट्रो विमानतळाला पोचली, पण पहाटेच्या विमानाचं काय?

मुंबईत विमान पकडायला निघणं हा वर्षानुवर्षं अंदाजपंचे मामला होता. फोर्टातून सहारच्या विमानतळावर जायला रविवारी सकाळी जेवढा वेळ लागे, त्याच्या दुप्पट-तिप्पट शुक्रवारी संध्याकाळी. त्यामुळे घरातली वडीलधारी मंडळी ‘निघा रे आता’ म्हणून चार तास आधीच मागे लागायची. माहीम-शीवच्या दक्षिणेला रिक्षा चालत नाही, म्हणजे टॅक्सी आली. पैसे वाचवायचे तर लोकलने पार्ले किंवा अंधेरी गाठायची आणि पुढे रिक्षा. पण मोठी बॅग घेऊन गर्दीच्या डब्यात शिरणं म्हणजे दारातल्यांची बोलणी खाणं.

९ ऑक्टोबर २०२५ पासून हे चित्र बदललं. त्या दिवशी मेट्रो ३ आरेपासून कफ परेडपर्यंत सलग धावू लागली. ३३.५ किलोमीटरचा मार्ग, २७ स्थानकं, त्यातलं आरे सोडलं तर सगळी जमिनीखाली. विमानतळाची टी-१ आणि टी-२ ही दोन्ही टर्मिनल्स या मार्गावर आहेत. सीएसएमटी, चर्चगेट, हुतात्मा चौक, विधानभवन ही शहराच्या कारभाराची ठिकाणंही त्याच मार्गावर आहेत. भाडं १० ते ७० रुपये. रस्ता तुंबलेला असो की मोकळा, सहारहून दक्षिण मुंबई तासाच्या आत.

या मार्गाची खरी हुशारी मात्र वेगळीच आहे. ही ‘विमानतळाची मेट्रो’ नाही. ती शहराची मेट्रो आहे आणि जाता जाता विमानतळावर थांबते.

खास गाडी की साधी गाडी?

विमानतळाला रेल्वे जोडायची म्हटलं की बऱ्याच शहरांना आधी खास गाडी सुचते. कमी थांबे, आरामशीर आसनं आणि त्याला शोभेल असं तिकीट. दिल्लीने तेच केलं. नवी दिल्ली स्थानकापासून इंदिरा गांधी विमानतळापर्यंतची एअरपोर्ट एक्स्प्रेस फेब्रुवारी २०११ मध्ये खासगी भागीदारीतून सुरू झाली. प्रवास विसेक मिनिटांचा, शिवाय नवी दिल्ली आणि शिवाजी स्टेडियम स्थानकांत विमानाचं सामान देऊन मोकळं होण्याची सोय. पण प्रवासी अपेक्षेइतके आले नाहीत. जुलै २०१२ मध्ये बांधकामातल्या दोषांमुळे मार्ग बंद झाला, जानेवारी २०१३ मध्ये पुन्हा उघडला आणि त्याच वर्षी खासगी कंपनीने अंग काढून घेतलं. भरपाईचा वाद २०२४ पर्यंत सर्वोच्च न्यायालयात चालला. दरम्यान दिल्ली मेट्रोने मार्ग ताब्यात घेऊन २०१५ मध्ये भाडं उतरवलं, आणि प्रवासी वाढले.

कॅनडातल्या टोरांटोने हाच धडा आणखी कमी वेळात घेतला. तिथली यूपी एक्स्प्रेस २०१५ मध्ये सुरू झाली तेव्हा तिकीट २७.५० डॉलरचं होतं. दर पंधरा मिनिटांनी गाडी सुटायची, पण बरीचशी रिकामी. मार्च २०१६ मध्ये तिकीट १२ डॉलरवर आणलं आणि काही महिन्यांतच प्रवासी दुपटीच्या पुढे गेले. गाडी तीच होती, रूळही तेच होते.

यामागचं कारण साधं आहे. विमानाने जाणारा माणूस विमानतळावर वर्षातून एकदा-दोनदा जातो. रोज जाणारे वेगळेच असतात: सामान चढवणारे, सफाई करणारे, दुकानात उभे राहणारे, सुरक्षा तपासणीचे जवान, तिकीट खिडकीवरची मुलं-मुली. महागडी खास गाडी त्यांच्यासाठी नसते. साध्या गाडीत मात्र बीकेसीला निघालेला कारकून, सिद्धिविनायकाला निघालेल्या आजी आणि दुबईला निघालेला प्रवासी एकत्र बसतात. म्हणून तिला दिवसभर गिऱ्हाईक असतं. लंडनने डिसेंबर १९७७ मध्ये हीथ्रोला शहराची नेहमीची पिकाडिली लाइनच नेऊन भिडवली. नंतर महागडी हीथ्रो एक्स्प्रेस आली, तरी ती साधी लाइन आजही भरून वाहते.

रात्री साडेदहानंतर

साध्या मेट्रोची मर्यादा इथेच सुरू होते. मेट्रो ३ ची पहिली गाडी सकाळी सहाच्या सुमाराला, शेवटची रात्री साडेदहाच्या आसपास. विमानतळ मात्र झोपत नाही. मुंबईहून आखाती देश आणि युरोपकडे जाणारी कितीतरी विमानं मध्यरात्रीनंतर सुटतात. पहाटे सहाच्या दिल्लीच्या विमानासाठी साडेचारला टर्मिनलवर हवं. म्हणजे सामानासह ज्याला सर्वांत जास्त मदत हवी, नेमक्या त्याच्या वेळेला मेट्रोचं शटर खाली. पहाटेच्या पाळीला येणाऱ्या कामगाराचीही तीच गत.

‘मग मेट्रो रात्रभर का चालवत नाहीत?’ असं वाटणं साहजिक आहे. पण रूळ, विजेच्या तारा आणि सिग्नल तपासायला मेट्रोला रात्रीचे तीन-चार तास लागतातच. येण्याचा एक आणि जाण्याचा एक असे दोनच रूळ असताना, एकावर काम आणि दुसऱ्यावर गाडी हे रोज जमणारं नाही. लंडनची पिकाडिली लाइनही रात्रभर चालते ती फक्त शुक्रवार-शनिवारी. बाकीच्या रात्री हीथ्रोहून मध्य लंडनला एन-९ ही बस धावते.

मेट्रो बंद असताना मेट्रोच्याच मार्गावरून, मेट्रोच्याच थांब्यांवर थांबत जाणारी बस ही चैन नव्हे. मुंबईत ती बेस्टला चालवता येईल. रात्री रस्ते मोकळे असल्याने ती वेळेवरही धावेल. पण वेळापत्रक मेट्रोच्या फलकावर आणि तिकीट मेट्रोच्याच अ‍ॅपवर हवं. नाहीतर रात्री अकराला विमानातून उतरलेल्या पाहुण्याला ती बस आहे हे कळणारच नाही.

सांधे कुठे निखळतात?

डोंबिवलीच्या माणसाने टी-२ गाठायचं तर आता चांगला मार्ग आहे: लोकलने घाटकोपर, मेट्रो १ ने मरोळ नाका, तिथून मेट्रो ३ ने पुढचंच स्थानक टी-२. नकाशावर सुरेख. आता तोच मार्ग सकाळी नऊला, हातात वीस किलोची बॅग घेऊन. घाटकोपरच्या फलाटावरून पुलावर चढायचं, समोरून येणाऱ्या लोंढ्यातून वाट काढत मेट्रोच्या दाराशी जायचं, बॅग तपासणीच्या यंत्रातून काढायची. मरोळला मेट्रो १ खांबांवर, मेट्रो ३ भुयारात. म्हणजे वरून खाली, आणि टी-२ ला पुन्हा खालून वर. एक लिफ्ट बंद असली की सगळा हिशोब कोसळतो. दादरला वेगळीच अडचण. मेट्रो स्थानक शिवाजी मंदिराच्या बाजूला, रेल्वे स्थानक बाजाराच्या पलीकडे. मधली वाट दादरच्या पदपथांवरून. कोकणातून गाडीने आलेल्या कुटुंबाने तीन बॅगा ढकलत जायची ती वाट.

अशा ठिकाणी फार मोठा खर्च लागत नाही. रुंद, मोकळा पदपथ, चालू लिफ्ट, ठळक पाट्या आणि एकच तिकीट. तिकिटाच्या बाबतीत ऑक्टोबर २०२५ मध्ये ‘मुंबई वन’ अ‍ॅप आलं. लोकल, मेट्रो, बेस्ट अशा ११ सेवा त्यात एकत्र आल्या. गुंदवलीहून टी-२ कडे येणारी मेट्रो ७-अ सुरू झाली की दहिसरकडच्यांनाही थेट वाट मिळेल. पण पाटी आणि पदपथ या गोष्टींचं उद्घाटन होत नसल्यामुळे त्या मागे पडतात.

पुण्यात तर अंतरच उरलं आहे. मार्च २०२४ मध्ये मेट्रो रामवाडीपर्यंत पोचली, आणि लोहगाव विमानतळ तिथून काही किलोमीटर पुढे. ही पोकळी मेट्रोने भरायची तर वाट पाहावी लागेल, बसने भरायची तर नाही. न्यूयॉर्कच्या लागार्डिया विमानतळासाठी अब्जावधी डॉलरचा रेल्वेमार्ग आखला होता. खर्च फुगत गेला, तसा २०२३ मध्ये तो गुंडाळून बससेवा सुधारायचं ठरलं. तिथली क्यू-७० बस तर प्रवाशांना फुकट आहे.

नवी मुंबईची परीक्षा

२५ डिसेंबर २०२५ रोजी उलव्यातल्या नवी मुंबई विमानतळावरून विमानं उडू लागली. पहिल्या टप्प्यातच त्याची क्षमता वर्षाला दोन कोटी प्रवाशांची आहे. मुंबईशी त्याला जोडणाऱ्या अटल सेतूवर रेल्वे नाही, रिक्षाही चालत नाही. सहारच्या टी-२ पासून तिथवर जाणारी मेट्रो ८ अजून कागदावर आहे. उरण मार्गावरचं तरघर हे जवळचं लोकल स्थानक, पण स्थानक ते टर्मिनल हा सांधा पुन्हा बसनेच जुळायचा.

सहारला टी-२ फेब्रुवारी २०१४ मध्ये सुरू झालं आणि मेट्रो ऑक्टोबर २०२४ मध्ये त्याच्या दाराशी आली. मधली दहा वर्षं प्रवाशांनी टॅक्सीत काढली. उलव्यालाही मेट्रो कधी येणार, हे आपण विचारत राहूच. पण पहाटे साडेचारची बस आहे का, हे आजच विचारायला हवं. तिच्यासाठी बोगदा खणावा लागत नाही.