दोन अंड्यांपुरता पाचोळा

खामगावहून बुलढाण्याला जाताना बोथ्याच्या जंगलात गेल्या उन्हाळ्यात एक जळालेला उतार दिसला. काळ्याभोर राखेवर एक टिटवी ओरडत घिरट्या घालत होती. तिचं ओरडणं डोक्यातून जाईना, म्हणून या मार्चमध्ये तिथल्याच ज्ञानगंगा अभयारण्यातल्या जाळरेषेवर गेलो.

वणव्याला पुढं जळायला काही मिळू नये म्हणून मोकळा ठेवलेला पट्टा म्हणजे जाळरेषा. वणव्याचा हंगाम 15 फेब्रुवारीला सुरू होतो. त्याआधी इथलं गवत कापून जाळून टाकतात. पुढं 15 जूनपर्यंत पाचोळा झाडत राहायचं. वारा तो रोज परत आणून टाकतो.

पट्टा झाडणारे काका खराटा मारता मारता एकदम थांबले. "पाय मांगं घ्या, भाऊ."

मला सागाची वाळकी पानंच दिसत होती. मग त्यातल्या एका पानाला डोळा फुटला. रातव्याची मादी! ती भुर्रकन उठली, तेव्हा खाली फिकट गुलाबी, तपकिरी डागांची दोन अंडी दिसली. घरट्याची एक काडीसुद्धा नाही.

"दोनच घालते थे," काका म्हणाले.

रातव्याची सगळी भिस्त जमिनीच्या रंगावर. वणव्यातून एखादी मादी वाचली आणि पुन्हा अंड्यावर बसली, तरी काळ्या राखेवर ती अंडी कुणाच्याही नजरेत भरतील.

पलीकडं बाया टिकास घेऊन घाणेरी काढत होत्या. नुसती छाटली तर ती दुप्पट फुटते. म्हणून बुडखा जमिनीखालून तोडायचा आणि झुडूप उलटं ठेवायचं, मुळं आभाळाकडं. काट्यांनी त्यांचे हात ओरबाडले होते. घाणेरी माजली की तित्तर-लाव्यांचं गवत मरतं. आग लागली की तिच्या जाळ्या ज्वाळा वरच्या फांद्यांपर्यंत नेतात, आणि विझल्यावर खोडातून तीच आधी फुटते. तिचा तो उग्र वास संध्याकाळपर्यंत माझ्याही बोटांना होता.

2019 साली टिपेश्वर अभयारण्यातला वाघ चालत या जंगलात आला, त्याची केवढी बातमी झाली! व्हायलाच हवी होती. पण मला वाटतं, जंगल राखणं म्हणजे काय ते या खराट्यापाशी उभं राहिल्याशिवाय कळत नाही.

जाळरेषेवर पान ठेवायचं नसतं. काकांनी क्षणभर विचार केला, अंड्यांभोवती वीतभर जागा सोडून गोल झाडून काढलं.

"एवढ्यानं काय वणवा जाते?" ते स्वतःशीच म्हणाले. "दोनच घालते."

आणि खराटा पुढं सरकला.