पांडा काढायला शिकवताना

“ताई, आज पांडा!” एका रविवारी असा हुकूम सुटला आणि मी पेचात पडले. चिक्कडपल्लीतल्या आमच्या घराच्या गच्चीवर दर रविवारी सकाळी आसपासची आठ-दहा मुले चित्रे काढायला जमतात. मराठी घरांतली मला ताई म्हणतात, तेलुगू आणि कानडी घरांतली अक्का. हत्ती, मोर, मासा हे सारे काढून झाले होते. ते त्यांनी डोळ्यांनी पाहिलेले. पांडा मात्र चित्रातच पाहिलेला. १९६३ साली सुरू झालेल्या आपल्या नेहरू प्राणिसंग्रहालयात वाघ-सिंह आहेत, पांडा नाही. रानातला मोठा पांडा फक्त चीनमध्ये, मुख्यतः सिचुआन प्रांतातल्या बांबूच्या डोंगरी जंगलांत राहतो.

मुलांचा पहिला प्रश्न होता, हे अस्वल आहे का? मराठीत अस्वल, कानडीत करडी, तेलुगूत एलुगुबंटी. तिन्ही भाषांत होकारार्थी उत्तर द्यावे लागले. मोठा पांडा अस्वलाच्याच कुळातला. गंमत अशी की, पांडा हे नाव आधी दुसऱ्याच प्राण्याचे होते. तो म्हणजे हिमालयातला तांबडा पांडा. १८२५ साली क्युव्हिए या फ्रेंच शास्त्रज्ञाने त्याला शास्त्रीय नाव दिले. काळ्या-पांढऱ्या पांड्याची ओळख पाश्चात्त्य शास्त्रज्ञांना झाली ती १८६९ मध्ये, आर्मां दाव्हिद या फ्रेंच धर्मोपदेशकामुळे. तांबडा पांडा अस्वलाच्या कुळातला नाही. त्याचे कुळ वेगळे. तो पाहायचा तर दार्जिलिंगच्या प्राणिसंग्रहालयात जावे. त्या संग्रहालयाला आपल्या हैदराबादच्या पद्मजा नायडू यांचे नाव आहे, हे ऐकून मुलांना तो पांडा एकदम शेजारचा वाटू लागला!

आता चित्राकडे वळू. लहान मुलांना पांडा सोपा जातो, कारण तो गोलांचा बनलेला आहे आणि गोल हा मुलाच्या हाताला लवकर साधणारा आकार. पण डोके अगदी गोल काढू नये. कांद्यासारखे थोडे चपटे, रुंद काढावे. पांडा दिवसाचा बराचसा वेळ बांबू चावत बसतो. त्यासाठी लागणारे जबड्याचे स्नायू मोठे, म्हणून तोंड रुंद. हे कारण सांगितले की मुलांचे गाल आपोआप फुगतात, स्वतःचेही आणि चित्रातलेही. घड्याळात जिथे दहा आणि दोन असतात, तिथे दोन अर्धगोल कान काढावेत.

खरी परीक्षा डोळ्यांची. डोळ्यांभोवतीचे काळे डाग मुले गोल काढतात आणि मग चष्मा लावलेले अस्वल तयार होते. ते डाग आंब्याच्या कोयीसारखे लांबट, बाहेरच्या बाजूला खाली उतरलेले हवेत. डोळा त्यात अगदी बारीक. पुढचे दोन्ही पाय काळे आणि ती काळी पट्टी खांद्यांवरून एकमेकींना मिळते, जणू काळे उपरणेच घेतले आहे. मागचे पाय काळे. पोट पांढरे. शेपूट काळी रंगवणारे पुष्कळ भेटतात. वस्तुतः ती पांढरी असते. हातात बांबू दिला की चित्र पुरे.

इथवर सारे ठीक चालले होते. चूक झाली ती माझ्या हातून. सात वर्षांचा एक मुलगा वही संपली म्हणून पाटी घेऊन आला होता. मी सर्वांना सांगत होते, “कान भरा, डोळ्यांभोवती भरा, पाय भरा.” त्याने खडूने इमानेइतबारे सगळे भरले. साहजिकच कान पांढरे, डोळ्यांभोवती पांढरे आणि पोट काळे! मुले हसली. मीही हसले आणि “अरे, उलटा झाला,” म्हणत फडक्याने पाटी पुसून टाकली. पुढचे दोन रविवार तो आला नाही.

या दोन रविवारांत मला कळले की त्याने माझा शब्द न् शब्द पाळला होता. आम्हा वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांना जमेची रक्कम नावे पडली की काय होते ते ठाऊक आहे. तेरीज जुळत नाही. पण इथे खतावणी करणाऱ्याचा दोष नव्हता. सांगणारीनेच कागद आणि पाटी यांतला फरक ध्यानात घेतला नव्हता. कागदावर काळे भरायचे आणि पांढरे सोडायचे. पाटीवर पांढरे भरायचे आणि काळे सोडायचे.

आमच्या घरी बिदरी कामाची एक डबी आहे. जस्त आणि तांबे यांच्या मिश्रधातूत चांदीची नक्षी बसवतात आणि मग बिदरच्या किल्ल्यातली माती व नवसागर यांच्या मिश्रणाने ती घासतात. धातू काळाभोर होतो, चांदी तशीच चमकत राहते. ती डबी घेऊन मी त्या मुलाच्या घरी गेले आणि त्याच्या आईसमोरच सांगितले, “तुझं चुकलं नव्हतं, मी नीट सांगितलं नाही.” त्याने डबी उलटसुलट करून पाहिली. मग विचारले, “अक्का, म्हणजे पाटीवर पोट भरायचं?”

पुढच्या रविवारी त्याने पाटीवर फक्त तोंड, पोट आणि शेपूट खडूने भरली. कान, डोळ्यांभोवतीचे डाग, पाय यांना त्याने हातही लावला नाही; काळ्या पाटीतून ते आपोआप उमटले. कागदवाली मुले वह्या टाकून त्याच्याभोवती जमली आणि “मलाही पाटी” असा गलका झाला.

आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी लहान भावंडे आहेत. सुट्टीत त्यांना पांडा अवश्य शिकवावा. एकदा कागदावर, एकदा पाटीवर. चित्र उलटे आले तर पुसण्यापूर्वी आपण नेमके काय सांगितले होते, ते मात्र आठवून पाहावे.