बोलपटाचा दुसरा भाग आणि गल्ल्याचे अंदाज



एखाद्या गाजलेल्या चित्रपटाचा दुसरा भाग निघणार अशी वार्ता आली कीं लागलीच दोन प्रश्न विचारले जातात. घरांत विचारतात, 'त्यांत तींच माणसें आहेत ना?' आणि बाजारांत विचारतात, 'पहिल्या तीन दिवसांत किती कोटी?' दोन्ही प्रश्न उत्कंठेचेच खरे. पण त्या दोन उत्कंठा एका जातीच्या नव्हेत. अलीकडे मोबाइलच्या कृपेनें त्या एकमेकींत अशा मिसळल्या आहेत कीं, शाळेंतला मुलगाहि चित्रपटाची गोष्ट सांगण्याआधीं त्याचा गल्ला सांगतो. ही मिसळण थोडी निवडून पाहावी, असें मीं आजच्या भाषणापुरतें योजिलें आहे.

उदाहरण आपल्या रत्नागिरी जिल्ह्याशीं ज्याचा संबंध आहे असेंच घेतों. २००४ सालीं सचिन पिळगांवकर यांनीं दिग्दर्शित केलेला 'नवरा माझा नवसाचा' हा मराठी चित्रपट आला. वडिलांनीं बोललेला, चारचौघांत सांगण्याचाहि संकोच वाटावा असा एक नवस मुलानें गणपतिपुळ्यास जाऊन फेडावयाचा, एवढीच त्याची गोष्ट. पण मुंबईहून गणपतिपुळ्यास येणाऱ्या एस. टी.च्या गाडींत नानाप्रकारचीं माणसें बसविलीं, सचिन व सुप्रिया हें जोडपें त्यांत घातलें, कंडक्टर म्हणून अशोक सराफ यांस उभें केलें, आणि ती गाडी घरोघर पोंचली. पुढें २००७ सालीं सचिन यांनींच कानडींत 'एकदंत' या नांवानें तो पुन्हां काढला. मराठींत मात्र दुसरा भाग यावयास २० सप्टेंबर २०२४ हा दिवस उजाडावा लागला. म्हणजे पहिला भाग आला त्या वर्षीं जन्मलेलें मूल तोंपर्यंत मतदार झालें होतें.

या वीस वर्षांत त्या चित्रपटाचें काय झालें, हें पाहण्यासारखें आहे. चित्रगृहांतून तो केव्हांच उतरला. पण दूरचित्रवाणीवर तो फिरून फिरून दाखविला गेला, आणि ज्यांनीं तिकीट काढून तो कधीं पाहिला नाहीं अशा हजारों घरांत तो तोंडपाठ झाला. पाहुणे आलेले आहेत, जेवणें झालीं आहेत, मुलें चटईवर लोळत आहेत आणि पुढें कोण काय बोलणार हें सर्वांस ठाऊक असूनहि सर्वजण हंसत आहेत, असा देखावा कोंकणांत कोणत्याहि घरीं दिसला असता. हा प्रेक्षकवर्ग मोठा, प्रेमळ आणि एकनिष्ठ. पण त्याच्या प्रेमाची नोंद कोणत्याहि वहींत नाहीं, कारण त्यानें त्यासाठीं वेगळा पैसा मोजलेला नाहीं. दुसऱ्या भागाचा अंदाज बांधणारा व्यापारी नेमका येथेंच चकतो. घरबसल्या हंसणारा मनुष्य तिकिटाच्या खिडकीशीं येईलच असें तो धरून चालतो. जिव्हाळा आणि तिकीट यांच्यामध्यें एस. टी.चें भाडें, मुलांची परीक्षा, भाताची कापणी आणि पाऊस एवढे सगळे उभे असतात!

दुसरा भाग काढण्याची कल्पना कांहीं आजची नव्हे. भवभूतीनें प्रथम 'महावीरचरित' लिहिलें आणि मग 'उत्तररामचरित'. रसिकांनीं मान दिला तो या दुसऱ्यासच अधिक. आपल्या बोलपटांतहि मुंबईच्या वाडियांनीं १९३५ सालीं 'हंटरवाली' काढला, नाडियाबाईंचा चाबूक घरोघर माहीत झाला, आणि १९४३ सालीं 'हंटरवाली की बेटी' आला. तेथेंहि आठ वर्षांचें अंतर होतेंच. रामकथा तर प्रेक्षकांस आधींच पाठ असे, आणि नाडियाबाई शेवटीं जिंकणार याविषयीं कोणासहि शंका नसे. तरी लोक थांबत. कारण लोक गोष्टीकरितां थांबत नाहींत, माणसांकरितां थांबतात.

याला अपवाद आहे, तोहि सांगतों. २०१५ सालीं 'बाहुबली'चा पहिला भाग एका प्रश्नावर तोडण्यांत आला. कट्टप्पानें बाहुबलीस कां मारलें, हा तो प्रश्न. त्याचें उत्तर २०१७ सालीं मिळालें. प्रश्नावर टांगलेली उत्कंठा दोन वर्षें टिकते. तिला वीस वर्षें टांगून ठेवतां येत नाहीं. फार विलंबानें येणारा दुसरा भाग टिकतो तो ओळखीच्या चेहऱ्यांवर. 'गदर' २००१ सालचा. त्याचा दुसरा भाग ऑगस्ट २०२३ मध्यें, बावीस वर्षांनीं आला आणि त्यानें देशांत कर वजा जातां पांचशें कोटींहून अधिक रुपये मिळविले. त्यांतील कथानकाची वाखाणणी फारशी कोणी केली नाहीं. लोक गेले ते तारासिंग व सकीना यांना भेटावयास, आणि तीं दोघें तींच होतीं.

माणूसच नसेल तर मग काय करावें? १९९३ च्या 'झपाटलेला'मधील बाहुला तात्या विंचू आणि त्याला दिलीप प्रभावळकरांनीं दिलेला आवाज, हीं दोन्हीं २०१३ सालीं दुसऱ्या भागांत, त्रिमितींत, परत आलीं. पण लक्ष्मीकांत बेर्डे २००४ च्या डिसेंबरांत गेले होते. बाहुला रामदास पाध्ये यांचा, तो म्हातारा होत नाहीं. नट होतो आणि जातोहि. विलंबाची खरी किंमत ही आहे, आणि ती गल्ल्याच्या कोणत्याहि कोष्टकांत मांडलेली नसते.

आतां बाजाराच्या प्रश्नाकडे वळूं. 'इतके कोटी' हा अंदाज येतो तरी कोठून? आमच्याकडे हापूसच्या बागा पुष्कळदां मोहोरावरच करारानें दिल्या जातात. व्यापारी येतो, कलमाखालीं उभा राहतो, मोहोर पाहतो आणि आंकडा बोलतो. मध्यंतरीं अवकाळी पाऊस पडतो, तुडतुडा लागतो, फळ गळतें. तरी आंकडा बोलावाच लागतो. चित्रपटाचा मोहोर म्हणजे त्याची झलक किती जणांनीं पाहिली, आगाऊ तिकिटें किती खपलीं, आणि चित्रगृहांनीं किती खेळ दिले, या तीन गोष्टी. पहिली अगदींच फसवी, कारण झलक फुकट असते. दुसरी बरी. तिसरी सर्वांत भरंवशाची. कारण चित्रगृहाचा मालक आपली खुर्ची रिकामी ठेवण्यास सहसा तयार नसतो.

हिशेब त्रैराशिकाहून अवघड नाहीं. समजण्यापुरते कल्पित आंकडे घेऊं. एका दिवशीं ५०० खेळ, दर खेळास २०० खुर्च्या, म्हणजे १ लाख खुर्च्या. निम्म्या भरल्या, आणि प्रत्येक तिकीट १५० रुपयांचें, तर गल्ला ७५ लाखांचा झाला. वर्तमानपत्रांत हाच आंकडा मोठ्या टायपांत येतो. परंतु शंभर रुपयांवरील तिकिटांत १८ टक्के वस्तु व सेवा कर धरलेला असतो. तो काढला म्हणजे सुमारें ६३ लाख ५६ हजार उरतात. त्यांतील निम्मे चित्रगृहाचे. वितरकाच्या व निर्मात्याच्या बाजूस येतात ते साधारण ३१ लाख ७८ हजार, आणि त्यांतून जाहिरातीचा खर्च अजून निघावयाचा असतो. जाहिरातींतील ७५ लाखांचे निर्मात्याच्या घरीं पोंचेपर्यंत ३२ लाखहि राहत नाहींत, हें ज्याला समजलें तो कोटींच्या बातम्या जरा शांतपणें वाचूं लागतो.

या निम्म्या वांटणीचाहि एक इतिहास आहे. २००९ सालीं हिंदी चित्रपटांचे निर्माते आणि बहुपडदा चित्रगृहें यांच्यांत दोन महिने तंटा चालला आणि त्या मुदतींत मोठे नवे चित्रपट लागलेच नाहींत. अखेर जो तोडगा निघाला त्यांत निर्मात्याकडील वांटा पहिल्या आठवड्यास ५० टक्के, दुसऱ्यास साडेबेचाळीस, तिसऱ्यास साडेसदतीस आणि पुढें ३० असा ठरला. मराठी चित्रपटांचे करार निरनिराळे असतात, परंतु ही उतरती भाजणी तेथेंहि दिसते. हापूसच्या पहिल्या पेटीस वाशीच्या बाजारांत जो भाव मिळतो तो मे महिन्यांत मिळत नाहीं, तसेंच हें. म्हणजे तोच प्रेक्षक पहिल्या शनिवारीं आला तर निर्मात्यास अधिक लाभ आणि चौथ्या शनिवारीं आला तर पुष्कळच कमी. निर्माते दुसऱ्या भागांच्या मागें कां लागतात, याचें उत्तर मला तरी येथें मिळतें. नव्या गोष्टीची ओळख पटण्यास आठवडे लागतात, आणि आठवडे महाग आहेत. जुन्या माणसांची ओळख आधींच झालेली असते. पहिल्या तीन दिवसांत गर्दी जमविण्याचें काम वीस वर्षांपूर्वींच्या श्रमानें होऊन गेलेलें असतें. प्रेक्षकांची आठवण ही निर्मात्याची ठेव, आणि पहिला आठवडा म्हणजे ती मोडण्याचा दिवस. ठेव एकदांच मोडतां येते; सोमवारपासून नव्या चित्रपटास आपल्याच पायांवर चालावें लागतें. जाणते लोक शुक्रवारचा आंकडा सोडून सोमवारचा पाहतात, तो याचसाठीं.

'नवरा माझा नवसाचा २' याच्या दिवसाची निवड या दृष्टीनें फार बोलकी होती. २०२४ सालीं गणेशचतुर्थी ७ सप्टेंबरास आणि अनंतचतुर्दशी १७ सप्टेंबरास होती. त्या दिवसांत कोंकणांतील कोणतेंहि घर आरती टाकून चित्रपटास जात नाहीं, आणि मुंबईकर चाकरमानी तर गांवींच असतो. विसर्जन झालें, मंडळी मुंबईस परतली, कानांत टाळांचा आवाज अजून आहे, अशा वेळीं, तिसऱ्या दिवशीं, गणपतिपुळ्याचा चित्रपट लावला. शिवाय तो राष्ट्रीय चित्रपट दिन होता आणि त्या दिवशीं देशांतील पुष्कळ चित्रगृहांत तिकीट ९९ रुपयांचें होतें.

या ९९ रुपयांची गंमत पाहा. वर घेतलेल्या हिशेबांत सर्वच्या सर्व १ लाख खुर्च्या भरल्या असें समजा. गल्ला ९९ लाख. शंभर रुपयांच्या आंतील तिकिटावर त्या वेळीं १२ टक्के कर होता (२२ सप्टेंबर २०२५ पासून तो ५ टक्के झाला आहे). तो वजा जातां सुमारें ८८ लाख ३९ हजार, आणि त्याचे निम्मे ४४ लाख २० हजार. प्रेक्षक दुप्पट झाले, पण निर्मात्याकडील रक्कम दीडपटहि झाली नाहीं. मग हा तोट्याचा सौदा झाला काय? माझ्या मतें नाहीं. ९९ रुपयांत आजी, सून व नातवंडें अशीं पांच माणसें एकदम येतात, आणि घरीं जाऊन शेजारीं सांगतात. मराठी चित्रपट शेजारणीच्या तोंडून चालतो. कोणत्याहि झलकेपेक्षां तिचा शब्द वजनदार.

आणि येथेंच मला या साऱ्या व्यवस्थेंतील उणीव दिसते. शेजारणीचा शब्द पोंचावयास आठ-दहा दिवस लागतात. आमच्या पूर्णगडांत तर अधिक. मुचकुंदीच्या मुखाशीं असलेलें हें गांव. किल्ला आहे, समुद्र आहे, मासळी आहे, चित्रगृह नाहीं. चित्रपट पाहावयाचा तर पावसमार्गें रत्नागिरीस जावें लागतें, परतीच्या गाडीची वेळ सांभाळावी लागते, आणि चौघांचें जाण्यायेण्याचें भाडें तिकिटांच्या रकमेंत मिळवावें लागतें. असें कुटुंब पहिल्या शुक्रवारीं जात नाहीं. पंधरा दिवसांनीं, चांगलें ऐकून, जमवून जातें. तोंपर्यंत पडदा दुसऱ्या चित्रपटास दिलेला असतो. त्या खेपेसच पाहा, बरोबर एका आठवड्यानें, २७ सप्टेंबरास, 'धर्मवीर २' येऊन दाखल झाला. तो आधीं ऑगस्टांत यावयाचा होता, पावसामुळें पुढें ढकलला होता. दोन मराठी चित्रपट, दोन्ही दुसरे भाग, आणि प्रेक्षक बहुतांशीं तोच. ज्यांनीं वीस वर्षें वाट पाहिली त्यांनाच खेळ मिळणें कठीण व्हावें, आणि ज्यांनीं वीस दिवसहि वाट पाहिली नाहीं त्यांच्या गर्दीवर चित्रपट पडला कीं चढला हें ठरावें, ही व्यवस्था मला शहाणपणाची वाटत नाहीं. तालुक्याच्या गांवीं दुसऱ्या व तिसऱ्या आठवड्यांत निदान दुपारचा एक खेळ राखून ठेवला, तर ही उशिराची मिळकत निर्मात्यासहि नकोशी होणार नाहीं. टक्का उतरला तरी शून्यापेक्षां तो अधिकच आहे.

एक बारीकशी गोष्ट सांगावयाची राहिली. कोंकण रेल्वे १९९८ सालींच संपूर्ण सुरू झाली होती. तरी २००४ च्या पहिल्या भागांतील मंडळी एस. टी.नेंच आलीं. दुसऱ्या भागांत तीं रेल्वेनें येतात, आणि पूर्वींचे कंडक्टर अशोक सराफ तेथें तिकीट तपासनीस होऊन भेटतात. पडद्यावरील मंडळींनीं वीस वर्षांत वाहन बदललें. पूर्णगडास रेल्वे नाहीं. तेव्हां येथून जो कोणी तो दुसरा भाग पाहावयास गेला, तो पहिल्या भागांतल्या गाडीनेंच गेला.