गिझर गेला, हीट पंप आला : आमचा हिशेब

मागच्या नोव्हेंबरात एका सकाळी आई न्हाणीघरातून बाहेर येऊन म्हणाली, "नळाला हात लावला की मुंग्या येतात रे." इलेक्ट्रिशियनने गिझर उघडला. आतल्या कॉइलवर क्षाराचा जाड थर बसला होता, तिचे आवरण कुजले होते, आणि अर्थिंगची वायर सैल होती. आईचे वय 84. त्या दिवशी तिन्ही गिझर बंद केले आणि गॅसवर पातेली चढली.

आमच्या इंदूरच्या घरात दोन्ही भावांची कुटुंबे धरून सहा माणसे. नर्मदेचे पाणी येते, पण टाकीत बोअरचेही मिसळते, त्यामुळे क्षार ठरलेला. नवे गिझर घ्यायला निघालो, तेव्हा दुकानदाराने हीट पंपाचे नाव काढले.

हे यंत्र म्हणजे उलटा फ्रिज. फ्रिज आतल्या वस्तूंमधली उष्णता काढून मागच्या जाळीतून बाहेर टाकतो. हीट पंप बाहेरच्या हवेतली उष्णता ओढून टाकीतल्या पाण्याला देतो. विजेने पाणी तापत नाही, वीज फक्त कॉम्प्रेसर आणि पंखा चालवते. म्हणून एका युनिटात साधारण तीन युनिटांइतकी उष्णता मिळते. हवा गार असेल तर हे प्रमाण घसरते. आपल्याकडे जानेवारीत पहाटे कडाक्याची थंडी आणि दुपारी चांगले ऊन असते, तेव्हा टायमर दुपारचा लावावा. टाकीला जाड इन्सुलेशन असते, पाणी सकाळपर्यंत गरम राहते.

आता आकडे. जन्म बँकेत गेला, कागद-पेन्सिल घेतल्याशिवाय आम्हाला राहवत नाही. सहा माणसे, प्रत्येकी 30 लिटर, म्हणजे 180 लिटर पाणी 20 अंशांवरून 40 वर न्यायचे. त्याला सुमारे 4.2 युनिट उष्णता लागते. गिझरच्या टाकीतून वाया जाणारी धरून 5 युनिट. हीट पंपाला तेवढ्याच कामाला पावणेदोनच्या आसपास. रोज सव्वातीन युनिट वाचली, वर्षातले 240 दिवस गरम पाणी लागते असे धरले, तर सुमारे 800 युनिट. आठ रुपये दराने 6,400 रुपये. (दर आपल्या बिलावरचा घ्यावा, वरच्या स्लॅबचा.)

200 लिटरच्या यंत्राचे कोटेशन प्लंबिंगसकट 95,000 चे होते. तीन नवे गिझर 30,000 ला पडले असते. जादा खर्च 65,000, तो फिटायला दहा वर्षे. धाकटा भाऊ लगेच म्हणाला, "दादा, 65,000 ची एफडी केली तर सात टक्क्यांनी साडेचार हजार व्याज येईल, आणि मुद्दल शाबूत." त्याचे खोटे नव्हते. दोघेच राहणाऱ्या, सकाळी अर्धा तास गिझर लावणाऱ्या घराने केवळ बचतीसाठी हे यंत्र घेऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. गच्ची स्वतःची आणि उन्हाची असेल तर सोलरचाही विचार आधी करावा.

आमचा निर्णय झाला तो दुसऱ्या दोन कारणांनी. एक, आता न्हाणीघरात विजेची वस्तूच नाही, फक्त पाण्याचा पाइप येतो. दुसरे, नरक चतुर्दशीच्या पहाटे तिन्ही गिझर एकदम लागले की सहा किलोवॅट भार पडायचा आणि एमसीबी हमखास पडायची. उटणे लावून कुडकुडत अंधारात बसलेली मुले आम्ही पाहिली आहेत. हीट पंप एक किलोवॅटही ओढत नाही.

त्याची खोड अशी की तो संथ आहे. टाकी रिकामी झाली की पुन्हा तापायला तीन-चार तास लागतात. म्हणून टाकी मोठीच घ्यावी. आमच्या 200 लिटरमध्ये 55 अंशांचे पाणी असते, त्यात गार मिसळून सगळ्यांच्या बादल्या भरून उरते. यंदाच्या दिवाळीला अभ्यंगस्नाने सूर्योदयाआधी आटोपली.

बसवताना एक चूक झाली, ती सांगतो. प्लंबरने गच्चीपासून तळमजल्यापर्यंतचा पाइप उघडाच सोडला, आणि आईच्या नळाला गरम पाणी येईपर्यंत अर्धी बादली गार जायची. पाइपावर फोमचे वेष्टन चढवल्यावर लागोपाठच्या आंघोळींना फरक पडला. पहिली अर्धी बादली अजूनही झाडांना जाते. यंत्र बंद खोलीत ठेवू नये, त्याला मोकळी हवा लागते. पंख्याचा आवाज असतो, शेजाऱ्यांच्या झोपायच्या खोलीची खिडकी जवळ नको. खालून थेंब थेंब पाणी गळते. ती गळती नव्हे, हवेतली वाफ थिजलेली असते, तिला निचऱ्याची नळी द्यावी. गरम पाण्याची टाकी गच्चीवरच्या मुख्य टाकीपेक्षा खाली असावी, नाहीतर पाणी उतरत नाही. आरसीसीबी आणि नीट अर्थिंग याही यंत्राला हवेच.

क्षाराचे दुखणे मात्र संपलेले नाही. टाकीत मॅग्नेशियमचा दांडा असतो, टाकीऐवजी तो झिजतो. आमचा दांडा वर्षानंतर उघडून पाहायचा आहे; तारीख कॅलेंडरवर, गॅसच्या नोंदीशेजारी लिहून ठेवली आहे.